काळी रेती

आई, मला सोनं सापडलं. ओमानच्या डोंगरात, एका कोरड्या ओढ्याच्या तळाशी, कणीक मळायच्या परातीत. त्याला आता तीन महिने झाले आणि या तीन महिन्यांत मी ही गोष्ट निदान वीस जणांना सांगितली असेल. सांगताना दर वेळी वाटतं की जिला सगळ्यांत आधी सांगायची ती तेवढी राहिली. तू जाऊन चोवीस वर्षं झाली. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, आज तू गेलीस त्या वयापेक्षा मी मोठी आहे, म्हणून आता सांगायला बसले आहे.

कुवेतची लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी लग्न करून मी इकडे आले. मस्कतला लागून वादी अदाई म्हणून वस्ती आहे. दोन्हीकडे उघडे तपकिरी डोंगर, मधे इमारती, त्यातल्या एकीत आमच्या दोन खोल्या. तुझे जावई रस्ते बांधणाऱ्या कंपनीत नकाशे काढतात. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मदतनीस आहे, काचपट्ट्या धुते, नमुन्यांना चिठ्ठ्या लावते. तुझी नात दहा वर्षांची आहे. शाळेत दिवसभर इंग्रजी, त्यामुळे मराठी बोलताना ती शब्दाशब्दापाशी अडते. लग्न ठरवताना मावशीने मुलाकडच्यांना सांगितलं होतं की मुलीची आई सोनाराकडे कामाला होती. मावशीच्या मते ते खोटं नव्हतं. तू सोनारांच्या दुकानांबाहेर होतीस, आत नव्हतीस, एवढाच फरक. मीही तो फरक इतकी वर्षं कुणाला सांगितला नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. ते कधी खोलात शिरले नाहीत आणि मी कधी दार उघडलं नाही.

आता भाईंचं सांगते, कारण हे सगळं त्यांच्यामुळे झालं. भाई मुरूडचे, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे, एका गॅरेजचे फोरमन. बावीस वर्षं इथे काढली, बायकोमुलं गावी. आमच्या मुलीला पहिल्यांदा फणफणून ताप आला तेव्हा गाडी काढून दवाखान्यात नेणारे तेच, आणि ईदला शेवयांचं भांडं घेऊन जिना चढणारेही तेच. त्यांना एक छंद होता. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्तीला आणणारा एक गोरा भूगर्भशास्त्रज्ञ देश सोडून जाताना त्यांना एक हिरवी प्लॅस्टिकची थाळी देऊन गेला होता, आत कडेला पायऱ्या असलेली. या थाळीत वाळू धुतली की सोनं खाली राहतं, असं त्याने सांगितलं होतं. तेव्हापासून भाईंनी दोन हिवाळे सुट्टीच्या दिवशी वाद्या पालथ्या घातल्या. वादी म्हणजे इथला ओढा, पाऊस पडला तर वाहणारा, एरवी गोट्यांनी भरलेला. दोन हिवाळ्यांत त्यांना काही मिळालं नाही. आणि मग गॅरेजच्या मालकाने गॅरेज विकलं, भाईंचा व्हिसा महिनाअखेर संपणार असं ठरलं. मला म्हणाले, "खलास, वहिनी. आता मुरूडला जाऊन माडांना पाणी घालायचं." हसत म्हणाले, पण नंतर बराच वेळ थाळीच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले होते.

त्यांना एकदा शेवटचं जाऊ दे, असं तुझ्या जावयांनीच ठरवलं. त्यांच्या ऑफिसात एक ओमानी सर्व्हेअर आहे, इब्रीच्या पुढच्या एका गावचा. त्याच्या गावामागच्या डोंगरात हिरवट दगड आहेत आणि जुन्या काळी कुणी तांबं वितळवलं त्याच्या काळ्या मळीचे ढीग आहेत. तांब्याच्या डोंगरात थोडं सोनंही असतं, हे भाईंनी कुठेतरी वाचलं होतं. सर्व्हेअरने गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घेतलं. त्यांनी दोन अटी घातल्या. गावाच्या पाटाच्या पाण्याला हात लावायचा नाही, पाणी आपलं आणायचं. आणि जिथे खणाल तिथे परत बुजवून जायचं. आम्ही दोन गाड्यांत पाण्याचे कॅन भरले, मुलीच्या आंघोळीचा टब घेतला, मी डाळ-तांदूळ, कणीक, परात आणि स्टोव्ह घेतला, आणि गुरुवारी उजाडता निघालो. निझवाला थांबून हलवा घेतला. अकराच्या सुमाराला वादीत पोचलो.

भाईंनी वादीच्या अगदी मधोमध जागा धरली. कंबरभर खड्डा खणला. तुझे जावई माती वाहत होते, सर्व्हेअर दगड बाजूला करत होता, मुलगी टबात पाणी ओतत होती आणि भाई हिरवी थाळी गोल फिरवत होते. मी दहा पावलांवर खिचडी शिजवत बसले होते. बघायचं नाही असं ठरवूनही माझं लक्ष त्यांच्या मनगटांवर जात होतं. जोर लावत होते ते. थाळीतलं पाणी भोवऱ्यासारखं उसळत होतं आणि वाळूबरोबर सगळंच बाहेर जात होतं. शेवटी तळाशी चमचाभर काळी रेती उरायची. भाई तिच्याकडे वैतागून बघायचे, म्हणायचे, नुसता कचरा, आणि टब सोडून लांब भिरकावून द्यायचे. पहिल्यांदा भिरकावली तेव्हा मी हातातली पळी खाली ठेवली. दुसऱ्यांदा भिरकावली तेव्हा उठून उभी राहिले आणि परत बसले. दिवसभरात त्यांनी ती किती वेळा फेकली असेल.

मी नऊ वर्षांची आहे. कोल्हापुरात गुजरीच्या रस्त्यावर अजून दुकानं उघडलेली नाहीत. तू पुढे आहेस, मी मागे. सोनारांच्या पायऱ्यांखालच्या गटाराच्या फरशांच्या सांध्यांतून तू कुंच्याने माती ओढतेस, मी ती पाटीत भरते. कानसीने घासताना उडालेला, पाण्याबरोबर गेलेला, झाडताना निसटलेला सोन्याचा चुरा त्या मातीत असतो, आणि ती धुऊन तो काढायचा ही आपली झारेकऱ्यांची रोजी. त्या वर्षी मी चौथीच्या परीक्षेत वर्गात पहिली आले होते. मैत्रिणींना कुणाला रिबिनी मिळाल्या, कुणाला पाटी-दप्तर. तू मला कुंचा दिलास. तुझा जुना कुंचा कापून, दांडा तासून, मूठ चिंधीने बांधून माझ्या मापाचा केलेला. मी रात्रभर रडले आणि तू मला समजावलं नाहीस. सकाळी तोच हातात दिलास. किती हलका होता तो, आणि माझ्या हाताला किती नेमका बसायचा, हे मला तेव्हाही कळलं होतं.

आणि दुसरा एक दिवस. परसात, पाण्याच्या पिंपाशेजारी, मी एकटी माती धूत होते, तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस. मला खेळायला जायचं होतं. वरची माती गेली, करडी रेती गेली, तळाशी काळी उरली, ती मी पाण्याच्या एका हिसक्याने मोरीत सोडून दिली आणि सोनं निघालंच नाही म्हणून सांगायला आले. तू तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठलीस. मारलं नाहीस. मला मोरीपाशी बसवलंस, म्हणालीस, "काळी रेती सोन्याएवढीच जड असल्यागत तळाला बसती. तिच्या पोटातच सोनं असतंय. काळी फेकलीस म्हंजे सोनं फेकलंस. आता मोरी धू." त्या दुपारी मी आख्खी मोरी उपसून पुन्हा धुतली. संध्याकाळ होईपर्यंत. भाकरी करपली होती, तीच दोघींनी खाल्ली. मोरीतून निघालेला कण तू मला तळहातावर दाखवलास आणि हात कसा धरायचा ते शिकवलंस. जोर लावायचा नाही, भांडं किंचित तिरकं, पाण्याला त्याचं काम करू द्यायचं.

गुरुवारी संध्याकाळी भाईंनी थाळी धुऊन गाडीत ठेवली. जेवताना ते मुलीशी मुरूडच्या किल्ल्याच्या गोष्टी करत होते. सकाळी खड्डा बुजवू, जुम्म्याची नमाज गावात पढू आणि निघू, असं म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. मी बोलू शकत होते. एक वाक्य पुरेसं होतं. पण एक वाक्य बोलले की तुला हे कसं ठाऊक, हा प्रश्न आलाच असता, आणि त्याच्या मागून गुजरी, गटार, मावशीचं ते सोनाराकडे कामाला होती, सगळंच आलं असतं. तंबूत पडल्या पडल्या मी स्वतःशी म्हणत होते की अकरा वर्षांनी कशाला. आणि डोळ्यांपुढे ती भिरकावलेली रेती येत होती.

शुक्रवारी सकाळी चहा झाला. भाईंनी खड्ड्यात पहिलं फावडं माती लोटली. मग काय वाटलं कोण जाणे, थाळी परत काढली, कालची उरलेली एक पाटी माती धुतली, काळी रेती तळाशी आली आणि त्यांनी फेकायला हात मागे नेला.

"भाई, ते टाकू नका," मी म्हणाले.

ते थांबले. मी जाऊन थाळी त्यांच्या हातातून घेतली. तिच्यात फार काही नसणार हे मला माहीत होतं, कारण जागाच चुकली होती. सोनं ओढ्याच्या मधोमध थांबत नाही, तिथे पाणी पळत असतं. मी वादीच्या वळणाकडे चालत गेले. तिथे आतल्या बाजूला खडक उघडा पडला होता आणि त्याला आडव्या भेगा होत्या, गच्च मातीने भरलेल्या. आई, ते अगदी गुजरीच्या फरशांचे सांधे होते. माणसाने बसवलेले नव्हते इतकंच. मी मुलीला चमचा आणि माझा दात घासायचा ब्रश आणायला सांगितला आणि पदर खोचून बसले. भेगेतली वरची माती काढून टाकली, तळाची खरवडून परातीत घेतली. अर्धी परातही भरली नाही. हिरवी थाळी मला नको होती. तिच्या पायऱ्या माझ्या हाताला समजत नव्हत्या.

टबाशी बसून परात पाण्यात बुडवली तेव्हा एक क्षण वाटलं, हात विसरले असतील. चोवीस वर्षांत त्यांनी माती धुतली नव्हती, धुतल्या त्या काचपट्ट्याच. पण परात तिरकी झाली, पाणी आत आलं आणि बाहेर गेलं, आणि मनगटांनी आपलं आपण सुरू केलं. मी नुसती बघत होते. माती गेली. करडी रेती गेली. काळी उरली. भाई माझ्यामागे उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी त्यांच्याकडे लोहचुंबक मागितलं. गॅरेजमध्ये पडलेले स्क्रू उचलायला ते खिशात बाळगायचेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते रेतीवरून फिरवलं, काळ्या कणांचे केस पिशवीला चिकटून वर आले, झटकले, पुन्हा फिरवलं. मग ओंजळभर पाणी घेऊन परात हलकेच तिरकी केली. उरलेली काळी पुढे सरकली आणि तिच्या मागे, जागचे न हललेले, पिवळे कण दिसले. पाच बारीक आणि एक चांगला मोठा, बाजरीच्या दाण्याएवढा.

सगळे परातीवर वाकले. मग भाईंनी हळूच विचारलं, पितळेसारखं चमकणारं ते खोटं सोनं तर नसेल? मी परात माझ्या सावलीत ओढली. खोटं सोनं सावलीत विझतं, हे तसंच पिवळं राहिलं. मग पदराची पिन काढून मोठ्या कणावर टोक दाबलं. फुटला नाही. टोकाची खूण तेवढी उमटली. भाई वाळूतच बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागले आणि बराच वेळ पुसत राहिले. त्यांनी विचारलं, "वहिनी, हे कुठे शिकलात?"

नवरा समोर उभा होता. मुलगी होती. ओमानी सर्व्हेअरला मराठी येत नव्हती, पण तोही माझ्याच तोंडाकडे बघत होता.

मी म्हणाले, "माझी आई झारेकरीण होती. कोल्हापुरात सोनारगल्लीतली गटारं झाडायची आणि ती माती धुऊन सोनं काढायची. तिचं बघून."

मी नवऱ्याकडे बघितलं नाही. परातीकडे बघत राहिले. अकरा वर्षांत या माणसाने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, तरी त्या घटकेला मला वाटलं की आता काहीतरी तुटणार. त्यांच्या चपलांचा आवाज माझ्याकडे आला आणि पुढे गेला. मान वर केली तर ते खडकापाशी उकिडवे बसले होते, हातात चमचा. म्हणाले, "कुठली भेग आधी घेऊ?"

आई, मग मी जो हुकूम चालवला तसा आयुष्यात चालवला नव्हता. ही भेग घ्या, ती सोडा, तिला तळ नाही. वरची माती मला देऊ नका. भाई, जोर नको. सर्व्हेअर 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला, चला, करत पाणी आणून ओतत होता. मुलगी चुंबकाच्या कामावर होती आणि एक काळा कण खाली पडू देत नव्हती. दुपारी भाई आणि सर्व्हेअर नमाजला गेले आणि परत आले ते सर्व्हेअरच्या आईला, दोन शेजारणींना आणि खजुराचं ताट घेऊन. म्हातारीने परातीत वाकून बघितलं, आपल्या मुलाला काहीतरी विचारलं आणि सरळ माझ्या शेजारी बसकण मारून परातीला हात घातला. जोराने हिसका दिला तिने. मी तिच्या मनगटाला धरलं. मला तिची भाषा येत नव्हती, बाजारात शिकलेले दोन शब्द येत होते, तेच म्हटले, "शवै शवै." हळू, हळू. म्हातारी खळखळून हसली आणि दुसऱ्या खेपेला तिच्या हाताला ते जमलं. एक कण तिनेच काढला. तो कण तिने घेतला नाही, फक्त बोटाच्या टोकावर घेऊन शेजारणींना दाखवला. कुठल्याही सोनाराने आपल्याला कधी त्याच्या दुकानाच्या आतल्या गादीवर बसवलं नव्हतं. मी त्या वादीत सहा-सात माणसांच्या मधोमध बसले होते आणि सगळे माझ्या हाताकडे बघत होते. तू असतीस तर मी उठून तुला जागा दिली असती.

पारा मात्र मी आणला नव्हता, आणि असता तरी वापरला नसता. तू तो चुरा पाऱ्यात गोळा करायचीस, फडक्यातून पिळायचीस, चुलीवर पारा उडवायचीस. शेवटच्या वर्षी तुझी बोटं थरथरायची, कप हातात धरवायचा नाही. लॅबमध्ये कामाला लागल्यावर पाऱ्याच्या डब्यावरची सूचना वाचली तेव्हा ती थरथर कशाची होती हे मला कळलं. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले होते.

ऊन कलायच्या आत खडकाच्या भेगा आणि खड्डा बुजवून आम्ही निघालो. सगळे कण मिळून करंगळीच्या नखावर मावले असते. भाईंनी खिशातली अत्तराची बाटली काढली, उरलेलं अत्तर सगळ्यांच्या मनगटांना लावून संपवलं, आणि त्या रिकाम्या बाटलीत पाण्याबरोबर ते कण भरले. निझवापर्यंत ती उन्हाला धरून बघत होते. महिनाअखेर सीबच्या विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा बाटली त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात होती. पोचल्यावर त्यांचा फोन आला. बायको म्हणाली म्हणे, बावीस वर्षांत एवढंच आणलंत? आणि मग तिनेच ती बाटली काचेच्या कपाटात पुढे ठेवली. आता गावातला कुणी आला की भाई त्याला ही गोष्ट सांगतात. त्यात कोल्हापूरची एक वहिनी असते, जी परातीत बघून सांगते कुठे खणायचं. भाई थोडं वाढवून सांगतात. मला चालतं.

तुझ्या जावयांनी त्या रात्री घरी आल्यावर एवढंच विचारलं की कुठल्या अर्जावर कधी तुझं नाव लिहायचं झालं तर धंदा म्हणून काय लिहायचं. मी म्हटलं, झारेकरी. त्यांनी स्पेलिंग विचारलं. मुलीच्या शाळेत आजीआजोबांवर बोलायचं होतं. तिने इंग्रजीत भाषण लिहिलं, की माझी आजी कोल्हापूरला रस्त्यातलं सोनं ओळखायची. टाळ्या पडल्या. घरी येऊन तिने मला अडखळत विचारलं, "मम्मा, तू पण आजीबरोबर जायची का, झाडायला?"

आणि मी म्हणाले, नाही गं, मी लहान होते, मी नुसती बघायचे.

वादीतही तेच म्हणाले होते, तिचं बघून. चार माणसांपुढे तुझं नाव मी मोठ्याने घेतलं आणि माझं गाळलं. हे कागद लॅबच्या जुन्या फाइलीत, माझ्या ड्रॉवरमध्ये राहतील. तिथे कुणी हात घालत नाही. मुलगी शेजारच्या खोलीत अभ्यास करते आहे, आणि मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.